चंद्रावतीची तिवरं

साठच्या दशकातलं भाईंदर म्हणजे मिठागरं, मिठागरांचे बांध, आणि बांध संपले की खाडी. पूर्वेला गोडदेव गाव होतं, आणि गावाच्या कडेला चार खोल्यांच्या एका बैठ्या चाळीत बाबाजी पाष्टे आपल्या बिऱ्हाडासह राहत होते. मूळचे गुहागरकडचे, धंद्याने सुतार. मिठागरांच्या बांधांत पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला लाकडी झडपा असायच्या, त्या खाऱ्या पाण्याने सारख्या कुजायच्या, आणि बाबाजींना वर्षभर काम असायचं. मधल्या काळात कोळीवाड्यातल्या होड्यांना फळ्या बसवून द्यायचे. घरात भुसा, फोडलेल्या फळ्या, रंध्याची साल. चंद्रावती ह्या सालीच्या ढिगात खेळत मोठी झाली.

ती बाबाजींची एकुलती एक. शाळेत हुशार निघाली, मॅट्रिक झाली, मुंबईच्या कॉलेजात जाऊन वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. चाळीत तोवर एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. आता नोकरी लागणार, मग लग्न, असा तिची आई शेवंती हिशेब करत होती. पण सदुसष्ट साली चंद्रावतीने आणखी शिकायचं ठरवलं. तेही वर्गात बसून नाही, संशोधन करून.

तिचे मार्गदर्शक रिबेलो सर उत्तनचे. उंच, वाकलेले, तोंडात कायम न पेटवलेली सिगारेट. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पाष्टे, तू येतेस कुठून?"

"भाईंदरहून, सर."

"म्हणजे खाडीवरून. मग विषय शोधायला लायब्ररीत कशाला बसलीयेस? तिवर घे. चिखलात उभं, मुळाशी खारं पाणी, तरी लाकूड धरतंय. त्या मिठाने आतल्या पेशींचं काय होतं, त्या कधी आणि कशा मरतात, ते बघ."

चंद्रावतीला माहीत होतं ते एवढंच, की झाडाच्या लाकडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात आणि त्या नळ्या मेलेल्या पेशींच्या बनलेल्या असतात. पुस्तकात हे एका ओळीत होतं. ती जिवंत पेशी मेली कधी, मरताना तिच्यात काय काय झालं, हे तिवराच्या बाबतीत कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. सरांचा अंदाज होता की मीठ साठत जातं आणि पेशी त्या मिठाने मरते. चंद्रावतीलाही तेच पटलं.

आता खाडीत जायचं कसं? बाबाजींनी ज्यांच्या होड्या दुरुस्त केल्या होत्या त्यांत हौसाबाईची एक होती. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली ही बाई, नवरा गेल्यापासून स्वतःच होडी वल्हवायची. ओहोटीला चिखलात उतरून मासे-खेकडे, म्हणजे निवट्या आणि चिंबोऱ्या, धरायची, येताना चुलीपुरती तिवराची लाकडं आणायची. चंद्रावतीने तिला सगळं समजावून सांगितलं. हौसाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेलं लाकूड पायजे तर माज्या चुलीपाशी ये गो बाय. त्या चिखलात कशाला मरतेस?"

"मावशी, मला जिवंत असताना मरणारं पाहिजे."

"तुजा बापूस तर शाना मानूस हाय," हौसाबाई म्हणाली, पण दुसऱ्या ओहोटीला तिने होडी काढली.

पुढची दोन वर्षं चंद्रावतीच्या आयुष्यातली सगळ्यात चिखलाची आणि सगळ्यात सुखाची होती, असं ती नंतर कायम म्हणायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचायची, वहाणा होडीत ठेवायच्या आणि उतरायचं. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यामधून वाट काढायची. हौसाबाई पुढे, ती मागे. कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही हे हौसाबाई न बोलता दाखवायची. एका वळणावरची सात-आठ तिवरं चंद्रावतीने निवडली. फांद्यांना मेणात बुडवलेली लाल लोकर बांधली, म्हणजे कुठली फांदी कधीपासून पाहतोय ते कळावं. दर पंधरवड्याला त्या फांद्यांचे बारीक तुकडे कापायची, काही फॉर्मॅलिनच्या बाटलीत टिकवून ठेवायची, काही ओल्या फडक्यात गुंडाळून ताजेच कॉलेजात न्यायची. ताज्या तुकड्यांचे वस्तऱ्याने कागदाहून पातळ काप काढायचे आणि त्यावर एक तांबडा रंग सोडायचा. जिवंत पेशी तो रंग आत ओढून घेते. मेलेली घेत नाही. मग दुर्बिणीला लावावा तसा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, मान अवघडेपर्यंत.

घरात शेवंतीचा जीव खालीवर व्हायचा. मुलगी चिखलाने माखून येते, अंगाला फॉर्मॅलिनचा वास, आणि वय चोवीस. अडुसष्टच्या माघात काशीगावच्या ओळखीतून एक स्थळ आलं. मुलगा मिलमध्ये क्लार्क, घरचे लांज्याचे. आदल्या दिवशी शेवंतीने बजावलं, "काय शिकतेस म्हणून विचारतील. झाडांचा अभ्यास करते म्हण. तेवढंच म्हण."

मंडळी आली, पोहे झाले. मुलाच्या आत्याने विचारलंच. चंद्रावती म्हणाली, "झाडांचा अभ्यास करते."

"म्हणजे बागकाम?"

तिथे चंद्रावतीला राहवलं नाही. ती म्हणाली, "नाही. लाकडातल्या पेशी कशा मरतात ते बघते."

आत्याने बशी खाली ठेवली. मुलाने खिडकीबाहेर पाहिलं. बाबाजी रंध्याचं पातं तपासावं तसे पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मंडळी गेल्यावर शेवंतीने पदर डोळ्याला लावला. "शुभ कार्याला आले होते ते. मरणाची गोष्ट काढलीस."

"खरं ते सांगितलं, आई."

"खरं सगळं सांगायचं असतं का गो?"

स्थळ अर्थातच गेलं. दुसऱ्या दिवशी बाबाजी कामावर जाताना मुलीच्या पिशवीचा तुटलेला लाकडी दांडा बदलून गेले.

सत्तर साली हौसाबाईच्या दुर्गाचं लग्न ठरलं. दुर्गा चंद्रावतीच्याच वयाची, लग्नाच्या बाबतीत तीही थोडी लांबलेली, त्यामुळे हौसाबाईचा आनंद कोळीवाड्यात मावेना. दोन आठवडे होडी निघाली नाही. चंद्रावतीने मनाशी म्हटलं, एवढ्या मोठ्या कार्यात आपलं काय. लग्नाला ती आई-बाबांसह गेली. घरामागे चर खणून त्यावर भाताची भांडी चढवली होती. जेवणाची पंगत बसली, आणि हात धुवायला मागे गेलेली चंद्रावती चराशी थांबली.

लाकडांच्या ढिगात वरच एक फांदी होती. तिच्यावर लाल लोकर होती. त्याखाली आणखी एक. चरात जी जळत होती त्यांतल्या दोनचारांवर लोकरीची काळी राख चिकटलेली दिसत होती. मेण जळताना चुरचुरत होतं.

हौसाबाईचा पुतण्या धाकू लाकडं आत सारत होता. "काय बाय, भात पायजे?" त्याने हसून विचारलं.

"नको," चंद्रावती म्हणाली. ती परत पंगतीत जाऊन बसली. वाढलेलं सगळं जेवली. दुर्गाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, हौसाबाईच्या पाया पडली. गोडदेवला घरी येईपर्यंत तिने कुणालाही काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. शेवंतीला वाटलं, दुर्गाचं लग्न बघून हिला वाईट वाटलं. तिने मुलीला कुशीत घेतलं, आणि चंद्रावतीनेही आईचा तो समज तसाच राहू दिला.

दोन वर्षांचं काम गेलं होतं. बाटल्यांतले जुने तुकडे होते, पण पुढची साखळी तुटली होती. रिबेलो सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी सिगारेट तोंडातून काढली, पुन्हा ठेवली. "दुसरी झाडं घे," ते म्हणाले. "पहिल्यापासून." चंद्रावती हो म्हणाली आणि महिनाभर खाडीकडे फिरकली नाही. त्या महिन्यात तिने एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्जही केला.

एका सकाळी हौसाबाई गोडदेवला चालत आली. हातात केळीच्या पानात बांधलेले बोंबील. दारातच बसली. आत यायला तयार होईना.

"धाकूनं काल सांगितलं," ती म्हणाली. "लोकर व्हती म्हनं फांद्यांवर. त्याला वाटलं, कुनी देवाला बांधलीय, आनि देवाची असूनशान बी त्यानं तोडली. मेल्याला अक्कल न्हाय. तू चरापाशी उबी व्हतीस तवा बोलली का न्हाईस?"

"तुझ्या दुर्गाचं लग्न होतं, मावशी."

हौसाबाईने बोंबील तिच्याकडे सारले. मग म्हणाली, "उद्या ओहोटी सकाळची हाय. चल. निदान बघून तरी येऊ काय ऱ्हायलंय."

चंद्रावतीला जायचं नव्हतं. पण ती म्हातारी एवढी चालत आली होती. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. वळणावरची तिवरं कमरेएवढी छाटलेली, बुंधे उघडे. चंद्रावती होडीतूनच बघत होती. हौसाबाई उतरली, बुंध्यांपाशी गेली, आणि तिथूनच म्हणाली, "अगो, ह्यांना फुटवा आलाय."

चंद्रावती उतरली. प्रत्येक बुंध्याच्या बाजूने हिरव्या कोंबांचे झुपके उठले होते. बोटभर, वीतभर. ती एका कोंबाला हात लावून उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ह्या सगळ्या कोंबांचा जन्म तिला माहीत आहे. सगळे त्या लग्नासाठी झालेल्या तोडीनंतरचे. आधीच्या फांद्यांत किती जुनी पेशी कुठली, हे अंदाजाने ठरवावं लागत होतं. तिवराच्या लाकडातली वलयं वर्षाला एक अशी पडत नाहीत, त्यामुळे मोजूनही उपयोग नसतो. इथे अंदाजाची गरजच नव्हती.

"मावशी, धाकूने मला वर्ष वाचवून दिलं."

"खरं सांगतेस की माजं मन राखतेस?"

"दोन्ही."

त्या कोंबांवर तिने पुढचं दीड वर्ष काम केलं. जे दिसलं ते तिला अपेक्षित नव्हतं. नळी होणारी पेशी म्हातारी होऊन मरत नव्हती. सालीखालच्या, नव्या पेशी घडवणाऱ्या थराच्या अगदी लगत, कोवळी असतानाच ती मरायला लागायची. आधी रुंद व्हायची. मग आतून आपली भिंत जाड करत जायची. आणि भिंत पुरी झाली की आतलं सगळं विरघळायचं, तिचं केंद्रक पुसट होत नाहीसं व्हायचं, वरखालचे पडदे फुटायचे, आणि मागे पोकळ नळी राहायची. तिच्या अगदी शेजारच्या दुसऱ्या पेशी, त्याच मिठाच्या पाण्यातल्या, त्याच वयाच्या, तांबडा रंग घेऊन जिवंत बसलेल्या. मिठानेच मारायचं तर त्यांना का सोडलं असतं? खात्रीसाठी तिने गोडदेवच्या विहिरीपाशी, गोड्या पाण्यावर वाढलेल्या एका जुन्या, उंच भेंडीच्या वृक्षाचे कोंब घेतले. तिथेही तोच क्रम होता.

सगळ्यात जास्त तिला हलवलं ते एका कापाने. धाकूच्या कोयत्याखाली आलेल्या बुंध्याच्या वरच्या कडेचा तो काप होता. त्यात कोयत्याने मेलेल्या पेशी होत्या, तपकिरी, सुरकुतलेल्या, आतलं सगळं गोळा होऊन एका कोपऱ्यात दडलेलं. आणि तिथून थोडं खाली, त्याच कापात, नळ्या होताना मेलेल्या पेशी. भिंती सरळ, आत स्वच्छ, जणू घर झाडून रिकामं करून दिलेलं. एकाच काचेवर दोन मरणं. तिने सरांना बोलावलं. रिबेलो सर वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"मी मीठ म्हणालो होतो," ते डोळा न काढता म्हणाले.

"मलाही तसंच वाटत होतं, सर."

"मीठ नाहीये हे. हे झाडानेच ठरवलेलं आहे." त्यांनी मान वर केली. "परदेशात किड्यांवर काम करणारे काही लोक आता असं म्हणायला लागलेत, की पेशीचं मरणसुद्धा वाढीचा भाग असतो. आधीच ठरवून ठेवलेला. लिही. जपून लिही, पण लिही."

बहात्तर साली तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, सभ्य होते, पण त्यांना विषय पटलेला नव्हता. "पेशी मेली म्हणजे तिचं काहीतरी बिघडलं," ते म्हणाले. "तुम्ही ह्याला वाढ म्हणता. का?"

चंद्रावतीने उठून सूक्ष्मदर्शकाखाली तो काप लावला आणि म्हणाली, "सर, बिघडून मेलेल्या पेशी ह्यातच वर आहेत. आणि ह्या खाली, ज्यांच्यातून झाड पाणी पितं त्या. त्या मेल्या नसत्या तर झाड उभं राहिलं नसतं. मला त्यांच्यासाठी दुसरा शब्द सापडला नाही."

त्यांनी पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. नंतर त्यांनी बरेच प्रश्न विचारले, अवघड विचारले, पण ते सगळे प्रश्न तो क्रम कसा चालतो याचे होते. वाढ का म्हणता, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पदवी मिळाली त्याच वर्षी तिला कॉलेजात शिकवायची जागा मिळाली. पहिल्या सुट्टीच्या दिवशी, विभाग रिकामा असताना, तिने हौसाबाईला कॉलेजात नेलं. हौसाबाईने नवीन लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीची वेणी. स्टुलावर बसून तिने डोळा लावला. आधी तिला स्वतःची पापणीच दिसत होती. मग तिने डोळा आणखी टेकवला.

"जाळं हाय हे," ती म्हणाली.

"हो. जाळ्याची भोकं दिसतायत ना मोठी? त्या मेलेल्या पेशी. त्यातून पाणी वर जातं."

"आनि ही तांबडी?"

"ती जिवंत."

हौसाबाई पुन्हा बघत राहिली. तिचा नवरा समुद्रात गेला होता आणि मिळाला नव्हता, हे चंद्रावतीला माहीत होतं. पण ते दोघींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. "मरताना ह्यांना काय कलत असंल का गो?" हौसाबाईने विचारलं.

"माहीत नाही, मावशी. कळत नसावं."

"न्हाय कलत तेच बरं," ती म्हणाली आणि स्टुलावरून उतरली. मग तिने सगळी प्रयोगशाळा फिरून पाहिली. बाटल्यांची झाकणं उघडून वास घेतला, नाक मुरडलं, आणि खाली कॅन्टीनमध्ये दोन बटाटेवडे खाल्ले.

पुढे चंद्रावतीचं लग्नही झालं, पंचाहत्तर साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. लीलाधर वरसाव्याच्या पुलाच्या कामावर ओव्हरसियर होता. पूल झाला, आणि तो भाईंदरातच राहिला. त्याच्या आईने "काय शिकवता?" असं विचारलं तेव्हा शेवंतीने आतून घाईघाईने सांगितलं, "झाडांचं." चंद्रावती हसली आणि ह्या वेळी गप्प बसली. लीलाधरला तिने आधीच, खाडीच्या बांधावर चालताना, सगळं सांगून टाकलं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, की मग दाराचं लाकूड कुठलं, जिवंतातलं की मेल्यातलं. ती उत्तर देता देता स्टेशन आलं होतं.

बाबाजी अठ्ठ्याहत्तर साली गेले. शेवटच्या वर्षी त्यांना झडपांची कामं कमी मिळत होती, कारण मिठागरंच कमी होत चालली होती. बांधांवर मुरूम पडत होता, नव्या इमारती गोडदेवच्या अंगावर येत होत्या. खाडीतलं ते वळणही एका बाजूने भरलं गेलं होतं. चंद्रावती दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायची. एकोणऐंशी साली गेली तेव्हा जुने बुंधे शोधून सापडले नाहीत. थोडं पुढे दुसरी तिवरं होती, कोवळी, दाट. तिने त्यांच्यापुढे मुलांना उभं केलं, मुळं दाखवली, एक कोंब कापून हातोहात फिरवला. आवाज नेहमीसारखा स्पष्ट होता. पण मध्येच ती थांबली आणि चिखलात ओहोटीने पडलेल्या पाण्याच्या ओहळाकडे बघत राहिली. तिथूनच हौसाबाई पुढे चालायची, पाय कुठे टाकायचा ते दाखवत.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता कुठे?"

"आता कोळीवाड्यात," ती म्हणाली.

हौसाबाईला आता होडी वल्हवता येत नव्हती. गुडघे गेले होते. ओसरीवर जाळं विणत बसलेली होती, आणि आठदहा चिखलाने भरलेली पोरं दारात बघून तिने जाळं बाजूला केलं. "ह्या सगल्यांना मरनं दाखवायला आनलंस?" तिने विचारलं.

"दाखवून झालं, मावशी. आता जेवायला आणलंय."

हौसाबाईने आत हाक मारली. दुर्गा माहेरी आलेली होती, ती पदर खोचून बाहेर आली आणि सगळ्यांना मोजायला लागली.